छिन्नीनं कापलेलं आभाळ

माझी नात घरात बोलायला लागली की अंगणातल्या कोंबड्या गप्प व्हायच्या. सकाळी दात घासताना तोंडात फेस असला तरी हिचं चालूच. जेवताना बोलायची, न्हाताना बोलायची, पांघरुणात डोकं घातलं तरी आतून कुणाला तरी रागावल्याचा आवाज यायचा. पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की संपलं. कुणी ओठ शिवून टाकावेत तशी. दुकानात गोळी हवी असली तर माझा सदरा ओढून बरणीकडं बोट करायची. पाहुणा आला की माझ्या लेंग्यामागं. अंगणवाडीत जायला लागून तिला बरेच महिने झाले होते, पण तिथल्या भिंतींनीसुद्धा तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीला नुसता हात वर. तहान लागली की माठाकडं बघत उभी. गाणी सगळी पाठ, पण ती म्हणायची घरी येऊन, मला समोर बसवून. माझे हातवारे चुकले की माझ्यावर डाफरायची.

मी म्हणायचो, पोरगी मानी आहे. माझ्यावर गेली. तिला वाटेल तिथं बोलेल.

गाव तसं म्हणत नव्हतं. विहिरीवर एकीनं माझ्या म्हाताऱ्या बायकोला विचारलं, "तुमच्या नातीची जीभ जड हाय का वो?" बायकोनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तसाच उठून निघालो होतो. बायको दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "जाऊन काय सांगणार? नात बोलती म्हणून? मग तिला घेऊन जा आणि बोलून दाखवा तिच्याकडून." मी परत बसलो. सुनेनं तिला कर्जतला डॉक्टरकडंही नेऊन आणली होती. कान चांगले, घसा चांगला. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. घाई आम्ही करत नव्हतो, पण शाळा करत होती.

आमच्या अंगणवाडीची ताई म्हणजे पोशीरची लेक, आमच्या गावात दिलेली. भावकीतली, म्हणजे नात्यानं माझी सूनच. रस्त्यात भेटली तर डोक्यावर पदर आणि नजर खाली. पण अंगणवाडीच्या दारात गेलं की उलटं. तिथं ती बोलणार आणि आपण ऐकायचं. पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खायचे दिवस होते, वालाच्या शेंगांनी शेतं भरली होती, तेव्हा एकदा तिनं सुनेला आणि मला थांबवून घेतलं.

"आबा, जूनला हिच्या बरोबरीची सगळी पहिलीत जाणार," ती म्हणाली. "हिचं वय काठावर हाय. उन्हाळ्यात गुरुजी पोरांना बोलावून बघतात. चार शब्द बोलली तर घेतील. नाय बोलली तर म्हणतील, अजून एक वर्ष इथंच राहू द्या."

सुनेचा चेहरा उतरला. ती एका फार्महाऊसच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, माझा मुलगा खालापूरकडच्या कंपनीत. दिवसभर पोर आमच्या दोघांच्या हवाली. सुनेला वाटत होतं की हे आपण जवळ नसतो म्हणून झालं. आणि एक वर्ष मागं राहिली तर तिच्या मैत्रिणी पुढं जाणार, ही एकटी लहानग्यांत बसणार. अजूनच मिटून जाईल.

मी म्हटलं, "आमच्या घरात मुकं कोणी जन्मलं नाय. माझ्या आईपुढं तर गाव हात जोडायचं, की बाई, आता थांब."

"मुकी कोण म्हणतंय?" ताईनं कपाटातून एक चपटा खोका काढला. "हे घरी न्या. घरात बोलती ना? मग हे घरातच करू द्या. हात गुंतले की तोंड सुटतं. आधी तुकड्यांशी बोलेल, मग तुमच्याशी, मग कधीतरी हेच इथं करताना माझ्याशी. पण एक ध्यानात ठेवा, आबा. तुमी हात लावायचा नाय. अडली तर अडू द्या."

"मी काय लहान हाय?"

"लहान असतात तर काळजी नव्हती," ती म्हणाली आणि पदर सावरून गालात हसली.

खोक्यात पातळ लाकडाचे तुकडे होते आणि ते बसवायला चौकट असलेली एक पाटी. ताई त्याला चित्रकोडं म्हणते, पोरं पझल म्हणतात. झाकणावर पूर्ण चित्र होतं. घरामागचं अंगण, गाय, वासरू, पिल्लं घेऊन चाललेली कोंबडी, एक विहीर, आणि वर सगळं आभाळ. कापताना प्रत्येक तुकड्याला कुठं गोल बोंड ठेवलेलं, कुठं तेवढाच खड्डा. एकाचं बोंड दुसऱ्याच्या खड्ड्यात.

मला बघताक्षणी वाटलं, हे तर आपलंच काम.

मी दगडाचा गवंडी. कर्जतपासून खालापूरपर्यंत मुंबईच्या लोकांनी बंगले बांधले, त्यांच्या कुंपणाच्या काळ्या दगडाच्या भिंती बघा. त्यातल्या कितीतरी माझ्या हातच्या आहेत. कुठली माझी ते मला लांबून गाडीतूनही ओळखू येतं. शाळेत मी फार बसलो नाही. बाप म्हणाला, दगड उचल, उचलला. पण आमच्या गावच्या शाळेचं जोतं माझं आहे आणि अंगणवाडीचंही. त्यामुळे शाळेत कमी बसलो तरी शाळा माझ्यावर बसलेली आहे, असं मी गुरुजींना सांगत असतो.

आमच्या कामात नियम असतात. आधी कोपरे. कोपऱ्याचा दगड पक्का बसला की दोरी ताणायची, मग थर. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड आडवा बसला पाहिजे. याला सांधेमोड म्हणतात. आणि सगळ्यात मोठा नियम माझ्या उस्तादाचा होता. उचललेला दगड खाली ठेवायचा नाही. हातात घेतला तर त्याला जागा शोधायची. बसत नसेल तर छिन्नीनं नाक-कान उडवायचे, पण बसवायचा. दगड परत खाली टाकला की उस्ताद पट्टीनं बोटांवर मारायचा. त्या माराचा मला अभिमान आहे.

पहिल्या दिवशी नातीनं सगळे तुकडे ओटीवर ओतले. मी खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बायको वाल सोलत होती. ती म्हणाली, "दोरी आणू का बांधायला?"

नातीनं पहिला तुकडा उचलला तो गाईच्या डोळ्याचा. आणि ठेवला पाटीच्या बरोबर मधोमध.

"अगं, कोपरा आधी!" मी ओरडलो.

"गाय आधी."

"घर बांधताना गाय आधी बांधतात का गं?"

"गायच नाय तर घर कशाला?"

बायको इतकी हसली की सोललेले वाल सांडले. मी म्हटलं, बरं, हात लावायला बंदी आहे, बोलायला नाही. मी तिला कोपरा म्हणजे काय ते सांगितलं. ज्याच्या दोन बाजू सरळ तो कोपरा. एक बाजू सरळ तो काठ. बाकीचे मधले. ते तिला पटलं, कारण तिनं लगेच कोपरे शोधून मला दाखवले. पण बसवले नाहीत. ती म्हणाली, "हे तुझे. तू सांभाळ. मी गाय करते."

पाटी भरायला लागली तशी मला दुसरीच गोष्ट दिसली. सांध्यावर सांधा! सगळ्या तुकड्यांच्या रेघा वरपासून खालपर्यंत सरळ एकीखाली एक. चार तुकड्यांची टोकं एकाच ठिकाणी भेटत होती. मी बायकोला म्हटलं, "हे कोणत्या गवंड्यानं कापलंय? अशी भिंत बांधली असती तर म्हशीनं अंग घासलं तरी पडली असती."

"भिंत नाय ती," बायको म्हणाली. "गप बसा."

सुरुवातीला ती रडायची. तुकडा बसला नाही की वरून मूठ मारायची. मूठ मारूनही नाही बसला की पाटी ढकलून द्यायची आणि "मला नाय येत" म्हणून चुलीपाशी जाऊन बसायची. हे तिचं सगळ्यातच होतं. बटण लागलं नाही की सदरा फेकून. चप्पल उलटी गेली की अनवाणी. मला उठून जाऊन तिचा हात धरून तुकडा बसवावा असं फार वाटायचं. पण ताईचं ते गालातलं हसू आठवायचं आणि मी हात पुन्हा मांड्यांखाली घालायचो.

आणि मग एक दिवस तिनं तुकडा फिरवला.

एवढीच गोष्ट. बसत नव्हता, तिनं मूठ उगारली, थांबली, आणि तुकडा हातातल्या हातात फिरवला. बसला. तिनं वर माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मला माझा पहिला कोपरा ओळंब्याला बरोबर लागला तो दिवस आठवला.  तीच म्हणाली, "आजा, हा उलटा होता. रागावला होता माझ्यावर."

तिथून तिचं तुकड्यांशी बोलणं सुरू झालं. ताई म्हणाली होती तसंच. बोंडाला ती डोकं म्हणायची आणि खड्ड्याला घर. "ए, तू इकडचा नाय. तुझं डोकं मोठं हाय. जा, आपलं घर शोध." "थांब रं, तुझा नंबर नाय अजून." वासराच्या पायाचा तुकडा विहिरीजवळ गेला तर त्याला म्हणाली, "पडशील ना, बाळा!" मी ऐकत बसायचो. मूठ मारणं बंद झालं. आधी फिरवून बघायची, मग झाकणावरचं चित्र बघायची, मग परत तुकडा. तोंडात नवे शब्द आले. वरचा, खालचा, अर्धा, सरळ, वाकडा, मधला. आणि बटणसुद्धा लागायला लागलं, हे सुनेच्या लक्षात आलं. आता सदरा फेकत नव्हती. जीभ दातात धरून बटण फिरवत बसायची.

मी आकार बघतो, ती चित्र बघते, हा आमच्यातला भांडणाचा मुद्दा. मी म्हणायचो, डोकं बघ, कड बघ. ती म्हणायची, "आजा, रेघ कुठं जाते ते बघ. गाईचं शेपूट इथं तुटलं. मग पुढचं शेपूट कुठंय?" आणि पुढचं शेपूट शोधून आणायची. मला ते लबाडी केल्यासारखं वाटायचं. दगडावर कोण शेपूट काढून देतो?

पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. त्यात माझं चुकलं असं अजून मला कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही.

खोका परत द्यायची वेळ आली होती. नात रोज सगळं लावायची, पण आभाळाशी अडायची. आभाळाचे तुकडे सगळे निळे, एक-दोन ढग सोडले तर एकसारखे. त्या दुपारी फक्त आभाळ उरलं होतं आणि शेजारी गाय व्याली म्हणून बायको नातीला घेऊन वासरू बघायला गेली. जाताना नात मला म्हणाली, "आजा, हात लावू नको हां. मी येते."

मी बसलो. पाटी समोर. मनात आलं, एकच लावतो. एक लागलेला दिसला की पोरगी खूश होईल, बाकीचे पटापट लावेल आणि उद्या ताईपुढं सगळं आभाळ तयार. मी एक निळा तुकडा उचलला. आता उचलला म्हणजे उचलला. खाली ठेवायचा प्रश्नच नव्हता. विहिरीशेजारी जागा होती, तिथं तीन बाजूंनी तो चपखल होता. चौथ्या बाजूला बोंड आडवं येत होतं. फिरवून बघितला. नाही. एवढंसं बोंड!

भिंतीला टेकवून माझी हत्यारांची पिशवी असते. त्यातली बारीक छिन्नी काढली, उंबऱ्यावर तुकडा धरला आणि हातोडीनं नुसती टक केली. बोंड उडालं. तुकडा असा बसला की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. माझ्या हाताला अजून कंप नाही, हे त्या दिवशी मला कळलं आणि बरं वाटलं.

नात आली. वासरू कसं उभं राहतं आणि पडतं ते करून दाखवत आली. पाटीकडं बघितलं आणि तिचं वासरू थांबलं. खाली बसून तिनं उरलेले आभाळाचे तुकडे लावले. शेवटी एक तुकडा हातात राहिला आणि पाटीत एक जागा राहिली, पण दोघांचं जमेना. ज्याची ती जागा होती तो मी दुसऱ्याच्या घरात बसवला होता. तिनं फिरवून बघितला, चित्र बघितलं, पुन्हा फिरवला. मग एकेका निळ्या तुकड्यावरून बोट फिरवत माझ्यावाल्या तुकड्यापाशी आली. नखानं तो उचकटला. कापलेल्या कडेचं पांढरं लाकूड बघितलं. उंबऱ्यावरची छिन्नी बघितली. मग मला बघितलं.

रडली असती तर मी तिला दुकानात नेली असती. ती रडली नाही. सगळे तुकडे खोक्यात भरले, झाकण लावलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

त्या संध्याकाळी घर एवढं शांत होतं की कोंबड्यांनाही चुकल्यासारखं वाटलं असेल. मी हाक मारली, उत्तर नाही. जेवायला बसली, बोलणं नाही. गाणं म्हण म्हटलं तर ताटातला भात मोजल्यासारखा बघत राहिली. बायको मला म्हणाली, "बाहेर बोलत नव्हती, ती आता घरात पण बंद केलीत. शाबास."

"तुकडाच चुकीचा होता," मी म्हटलं.

सून कामावरून आली. तिला सगळं कळलं. तिनं भांडी अशी घासली की प्रत्येक भांड्यातून मला ऐकू आलं. मग पोरीला कुशीत घेऊन दारात बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, आता हिनं इथंही तोंड मिटलं तर मी काय करू?"  मी कंदील घेऊन उंबऱ्याखाली बोंड शोधलं. गोंदानं चिकटवलं असतं. पण ते कोंबडीनं टिपून नेलं असावं.

दुसऱ्या दिवशी खोका मी काखेत घेतला आणि अंगणवाडीकडं निघालो. नात पुढं चालत होती. एरवी माझं बोट धरल्याशिवाय ती गटाराची फरशी ओलांडत नाही. त्या दिवशी ओलांडली.

अंगणवाडीत पोरं खिचडी खाऊन हात धूत होती. त्यांना न्यायला आलेल्या बाया दारात गप्पा मारत होत्या. विहिरीवर बोललेली तीही त्यात होती. ताईनं खोका उघडला. एकेक तुकडा बघत ठेवत गेली आणि माझ्या तुकड्यापाशी आली.

"आबा, ह्या तुकड्याला काय झालं?"

मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "उंदीर. कुरतडला त्यानं. आमच्याकडं उंदीर फार माजलेत."

ताईनं तुकडा उजेडात धरला. "उंदराचे दात लई सरळ दिसतात, आबा."

"आमच्याकडचे उंदीर तसेच हायत."

दारातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. ताई काहीतरी म्हणणार, एवढ्यात माझ्या कोपरापाशी आवाज झाला.

"उंदीर नाय!"

आवाज एवढा मोठा की हात धुणारी पोरं वळली. माझी नात मुठी आवळून उभी होती, गाल लाल.

"उंदीर नाय. आजानं कापला. छिन्नीनं. मी वासरू बघायला गेलती तेव्हा. त्याचं घर दुसरीकडं होतं आणि आजानं त्याचं डोकंच उडवलं!"

 एक बाई "अगं बया" म्हणायला लागली, पण ताईनं पाठीमागं हात नेऊन बोटं हलवली, गप. ती तिथंच खाली बसली, नातीच्या उंचीला आली, आणि रोजच बोलत असल्यासारखं साधं विचारलं, "मग त्याचं घर कुठं होतं?"

"इथं नाय. इथं." नातीनं पाटी ओढून घेतली. "ह्या ढगाची रेघ बघा ना. अशी जाते, आणि इथं येते. आजाला रेघ दिसत नाय."

"मला पण नाय दिसली. परत दाखव बरं."

तिनं परत दाखवली. मग सगळंच मोडून लावायला घेतलं. एक पोरगा येऊन खिचडीच्या ओल्या हातानं तुकडा दाबायला लागला, तर त्याचा हात धरून म्हणाली, "मारू नको. फिरव. रागावलाय तो." पोरगा तिच्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असेल, ही कोण नवीन आली.

मी दारात चपला पायात घालायच्या विसरून उभा होतो. चारचौघांत मला खोटं पाडलेलं मी आयुष्यात कुणाचं चालवून घेतलेलं नाही. एका बंगल्याच्या मालकाला तर मी त्याच्याच भिंतीवर उभं राहून सुनावलं होतं. पण त्या दिवशी विहिरीवरची ती बाई माझ्याकडं बघून हसली तेव्हा मी तिला म्हटलं, "ऐकलंस? जड हाय का जीभ?"

"नाय वो," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा हलकी हाय."

घरी जाताना गटाराची फरशी आली तेव्हा नातीनं माझं बोट धरलं. "आजा, नवीन करून दे."

"देतो."

"डोकं असलेला."

"हां, गं."

ताईनं खोका परत आमच्याबरोबर दिला होता. आंब्याच्या पेटीची पातळ फळी घेतली. पाटीतल्या रिकाम्या जागेवर कागद ठेवून तिनं कोळशानं घासला, जागेचा आकार कागदावर उठला. ही युक्ती ताईनं तिला शिकवली होती. मी छिन्नी काढली तर म्हणाली, "ती नको." मग कानस घेतली. ती शेजारी बसून हुकूम सोडत होती. "थोडंच घास. आता बघ. बसत नाय? परत थोडं. घाई नको करू, आजा." मला उस्तादाची पट्टी परवडली असती. घासायचं, बसवून बघायचं, काढायचं, परत घासायचं. उचललेला तुकडा त्या दिवशी मी इतक्या वेळा खाली ठेवला की उस्ताद वर असेल तिथं त्यानं डोकं धरलं असेल. शेवटी बसला. भिंतीच्या चुन्यात नीळ कालवून तिनं स्वतः तो रंगवला. बाकी आभाळापेक्षा जरा जास्तच निळा झाला. ती म्हणाली, पाऊस पडून गेल्यावर असंच असतं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दुकानात ती अजून माझा सदराच ओढायची. अंगणवाडीत बोलायची ती फक्त पाटीजवळ बसून, फक्त तुकड्यांबद्दल. पण ताईनं घाई केली नाही. आधी पाटीजवळ, मग पाटीपासून हातभर लांब, मग माठापर्यंत. एक दिवस माठाकडं बघत उभी न राहता तिनं पाणी मागितलं. ताईनं हे मला रस्त्यात सांगितलं, डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली ठेवून, आणि तिचा आवाज जरा ओला होता.

उन्हाळ्यात गुरुजींनी पोरांना बोलावलं. सून सुट्टी काढून आली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. गुरुजींनी नातीला नाव विचारलं. ती गप्प. आईचं नाव विचारलं. गप्प. गुरुजींनी टेबलावरची फुलं दाखवली, रंग विचारला. ती जमिनीकडं बघत राहिली. सुनेनं डोळे मिटले. मी मागं भिंतीला टेकून उभा, आणि तिच्याखालचं जोतं माझंच होतं म्हणून टेकता तरी आलं.

गुरुजी हुशार. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडं बोट केलं. "बरं, नाव राहू दे. हे तुझे आजोबा ना? हे काय काम करतात, सांग."

नातीनं मान वर केली. मला बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"भिंती बांधतात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि आभाळ कापतात."

गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. मग तिनंच त्यांना सगळी गोष्ट सांगितली, वासरापासून उंदरापर्यंत. गुरुजी हसून हसून चष्मा पुसायला लागले. सून हसत होती आणि रडतही होती. गुरुजींनी कागदावर काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण सुनेनं ते वाचून माझ्या पायाला हात लावला, म्हणजे पहिलीत घेतलं.

आता ती शाळेत जाते. परवा गुरुजी रस्त्यात भेटले, म्हणाले, "आजोबा, नात वर्गात फार बोलते." मी म्हटलं, "ते आमच्या घराण्यातच हाय."

अंगणवाडीतलं चित्रकोडं अजून चालू आहे. ताई सांगते, पोरं त्या जास्त निळ्या तुकड्यासाठी भांडतात, कारण तो लगेच सापडतो. मी म्हटलं, याला म्हणतात हातचं काम. आणि तिला हेही सांगून ठेवलंय, की चांगली फळी आणून द्या, मी एक नवीन पझल करून देतो, सांधेमोड करून, नीट, एकाखाली एक सांधा न येऊ देता. शंभर पोरांनी मुठी मारल्या तरी हलणार नाही.

फळी आली आहे. काल ओटीवर ती पसरली, पेन्सिल कानावर खोचली आणि चारी कोपऱ्यांवर खुणा करायला घेतल्या. नात शाळेतून आली, दप्तर टाकलं, माझ्या खुणा बघितल्या आणि पेन्सिल कानावरून काढून घेतली.

"आजा," ती म्हणाली, "आधी गाय."